लाल नकाशा, नारिंगी इशारा आणि तुमचा गट नंबर

शिरोडा, आरवली, रेडी, मोचेमाड या पट्ट्यातले वाचक गेली काही वर्षे तेच तीन प्रश्न फिरवून फिरवून विचारतात. पहिला: ‘नकाशात आमचा भाग २०५० मध्ये लाल दिसतो, जमीन आत्ताच विकून टाकू का?’ दुसरा: ‘ॲपवर पाऊस ८० टक्के होता, एक थेंब पडला नाही, मग विश्वास कशावर ठेवायचा?’ तिसरा जरा नवा आहे: ‘जागा दाखवणाऱ्याने एआयने काढलेला पूरधोक्याचा अहवाल हातात दिला आहे. तो खरा मानायचा का?’

हवामानशास्त्र आणि मशीन लर्निंग एकत्र आल्यामुळे धोक्याचे अंदाज आता फुकटात, मोबाईलवर आणि रंगीत मिळतात. ते बहुतेकदा निरुपयोगी नसतात. घोटाळा होतो तो एका कामासाठी केलेला अंदाज दुसऱ्याच कामाला लावल्यामुळे. म्हणून यंत्र आतून कसे चालते यात फार न शिरता, कोणत्या निर्णयाला कोणते साधन घ्यायचे, त्यावर किती भार टाकायचा आणि कोणते कागद मागायचे, एवढेच इथे पाहू.

आधी ठरवा: निर्णय किती काळाचा आहे?

- काही तासांचा (होडी लोटायची का, वाळत घातलेले आवरायचे का): हवामान विभागाचा तीन तासांचा तातडीचा इशारा आणि रडारचे चित्र. तुमच्यासाठी गोव्याचे रडार जवळचे आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्याचा इशारा मुंबईहून निघतो, गोव्याचा पणजीहून. तेरेखोल खाडीपलीकडे पेडणे तालुका असल्यामुळे शिरोड्याच्या माणसाने दोन्ही पाहावेत. ढगाला राज्याची हद्द ठाऊक नसते. विजेसाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ ॲप आहे.
- एक ते सात दिवसांचा (मासेमारी, फवारणी, लावणी, मीठ काढणे): हवामान विभागाचा जिल्हानिहाय अंदाज, ‘मेघदूत’वरचा कृषी सल्ला आणि समुद्रासाठी हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचा लाटा-वाऱ्याचा अंदाज.
- एका हंगामाचा (बियाणे, विमा, आगोटीची बेगमी): मोसमी पावसाचे दीर्घ पल्ल्याचे अंदाज. हे दिशा सांगतात, तारीख सांगत नाहीत.
- वीस-तीस वर्षांचा (घर, विहीर, बाग, कर्ज): समुद्रपातळीचे अंदाज, किनाऱ्याच्या बदलाचे नकाशे, सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) आराखडा. ॲपवरचा उद्याचा पाऊस इथे उपयोगाचा नाही आणि २०५० चा नकाशा उद्याच्या होडीसाठी.

एकदा हे ठरले की अर्धा गोंधळ तिथेच मिटतो.

२०५० चा लाल नकाशा कसा वाचावा

सर्वात जास्त घबराट याच नकाशाने पसरवली आहे, त्यामुळे इथे थोडे थांबू. समाजमाध्यमांवर फिरणारा नकाशा बहुतेक वेळा ‘क्लायमेट सेंट्रल’ या अमेरिकी संस्थेचा असतो. २०१९ मध्ये या संस्थेच्या दोन संशोधकांनी किनारी जमिनीच्या उंचीची नवी आकडेवारी प्रसिद्ध केली आणि मुंबईचा मोठा भाग लाल रंगवलेली चित्रे सगळीकडे गेली.

नवी आकडेवारी का लागली, हे शिरोड्याच्या माणसाला लगेच पटेल. जगाच्या बऱ्याच भागातली जमिनीची उंची २००० सालच्या फेब्रुवारीत अंतराळयानातून रडारने मोजली गेली. ते रडार जिथे माडाची झाप किंवा सुरूचा शेंडा लागला, तिथलीच उंची पुष्कळ अंशी धरत होते. म्हणजे झाडी आणि घरे दाट असतील तिथे जमीन आहे त्यापेक्षा उंच दिसे. किनारी भागात ही चूक सरासरी दोन मीटर आणि त्याहून जास्तही भरत होती. वेळागरचे सुरूचे बन आणि त्यामागच्या माडांच्या बागा डोळ्यासमोर आणा, म्हणजे चूक कुठे होत असेल ते कळेल. संशोधकांनी मशीन लर्निंग वापरून ही चूक बरीच कमी केली: जिथे खरी उंची अचूक ठाऊक होती, तिथल्या झाडी-वस्तीशी रडारच्या आकड्याचे नाते यंत्राला शिकवले आणि ते बाकी जगाला लावले. जमीन ‘खाली’ आली आणि लाल भाग वाढला.

ही सुधारणा खरी आहे. पण जागेचा सौदा करताना चार गोष्टी तपासा:

1. लाल म्हणजे कायमचे पाण्याखाली, असे नाही. त्या साधनाच्या नेहमीच्या मांडणीत लाल भाग म्हणजे वर्षातून एखादा पूर जिथवर पोचू शकतो त्या पातळीखालची जमीन. शेजारच्या पर्यायांत जाऊन ‘फक्त समुद्रपातळीतली वाढ’ निवडून पाहा, रंग बराच उतरलेला दिसेल.
2. बांध-बंधारे हिशेबात नाहीत. अमुक पातळीखालची जमीन रंगवणे एवढेच हा नकाशा करतो. खारबंधारा, उघडी, रस्त्याचा भराव, मधला उंचवटा यांनी पाणी अडेल का, हे तो धड विचारात घेत नाही.
3. सरासरी चूक कमी झाली, तुमच्या गटाची नव्हे. एखाद्या ठिकाणी मीटर-दीड मीटरचा फरक राहणे सहज शक्य आहे. इथे उधाणाला भरती-ओहोटीतले अंतरच दोन मीटरच्या आसपास असते. तेव्हा एवढी चूक निर्णय फिरवायला पुरेशी आहे.
4. कोणते वर्ष, किती प्रदूषण? २०५० पर्यंत उत्सर्जन कमी झाले काय, जास्त झाले काय, समुद्रपातळीच्या आकड्यांत फार अंतर पडत नाही. २१०० पर्यंत मात्र पडते. घराचा विचार तीस वर्षांचा असेल तर पहिला आकडा धरा. देवराई राखायला किंवा धरण बांधायला निघाला असाल तर दुसरा.

समुद्र वर येतो आहे, यात शंका नाही. केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालानुसार उत्तर हिंद महासागराची पातळी १९९३ ते २०१७ या काळात वर्षाला सुमारे ३.३ मिलिमीटरने वाढली; १८७४ ते २००४ या दीर्घ काळात हा वेग १.०६ ते १.७५ मिलिमीटर होता. पंचवीस वर्षांचे मिळून सुमारे आठ सेंटिमीटर होतात. तेवढ्याने घर बुडत नाही. पण उधाण, लाटा आणि वादळ तेवढ्या उंचीवरून सुरू होतात आणि गोड्या विहिरीत खारे पाणी शिरायला तेवढे पुरते. पुढचे आकडे पाहायचे असतील तर नासाच्या समुद्रपातळी साधनात गोव्यातले मुरगाव केंद्र निवडा. संयुक्त राष्ट्रांच्या हवामान अहवालावर आधारलेले आकडे तिथे मिळतात आणि यादीतले ते तुम्हाला सर्वात जवळचे केंद्र आहे. मुंबईचा आकडा शिरोड्याला लावू नका.

जागा घेताना किंवा घर बांधताना

क्रम पाळलात तर खर्च कमी होतो.

१. खूण हाताने लावा. कोणत्याही साधनात नुसते ‘शिरोडा’ टाकले तर अनेकदा गोव्यातले, फोंडा तालुक्यातले शिरोडा समोर येते. तेही पाण्याजवळ, झुआरीच्या काठी, त्यामुळे चूक लक्षातही येत नाही. उपग्रहचित्रावर स्वतःची विहीर किंवा घर शोधून खूण तिथेच रोवा.

२. सीआरझेडचा नकाशा आधी, बाकी सगळे नंतर. १८ जानेवारी २०१९ च्या किनारा नियमन अधिसूचनेप्रमाणे ग्रामीण किनाऱ्याचे दोन भाग पडतात. २०११ च्या जनगणनेत दर चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा जास्त वस्ती असेल तर भरतीरेषेपासून ५० मीटर, त्याहून कमी असेल तर २०० मीटर हा ना-विकास क्षेत्र असतो. खाडीकाठी ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, यातले जे कमी ते. पहिला भाग लागू व्हायला काही अटीही आहेत, म्हणून दलालाच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. महाराष्ट्र सागरी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाच्या मंजूर आराखड्यात तुमचा गट कुठे पडतो ते पाहा. आराखड्याचे स्थानिक नकाशे १:४००० प्रमाणाचे, म्हणजे गटाच्या हद्दी ओळखता येतील इतके मोठे असतात.

त्याच नकाशावर धोकारेषाही असते. भारतीय सर्वेक्षण विभागाने ती आखली आहे आणि तिच्यात समुद्रपातळीतली वाढ व किनाऱ्याची धूप धरलेली आहे. २०१९ च्या नियमांत या रेषेने बांधकाम थेट अडत नाही. ती आपत्ती नियोजनासाठी आहे. त्यामुळे ‘परवानगी मिळाली म्हणजे धोका नाही’ असा अर्थ काढू नका. माझ्या मते घर घेणाऱ्याने आधी पाहावी अशी हीच रेषा आहे, आणि नेमकी तीच कुणी दाखवत नाही.

३. जमिनीची लेव्हल घ्या. लाखो रुपयांच्या व्यवहारात हा खर्च किरकोळ आहे. खासगी भूमापकाकडून भारतीय सर्वेक्षण विभागाच्या ज्ञात उंचीच्या खुणेपासून समुद्रसपाटीवरची उंची काढून घ्या. जोते कुठे, विहिरीचा काठ कुठे, रस्ता कुठे, सगळे लिहून घ्या. जगभरच्या नकाशातल्या मशीन लर्निंगच्या आकड्यापेक्षा हा आकडा तुमच्या कामाचा आहे, आणि नकाशाशी तो किती जुळतो हेही तुम्हाला आपोआप कळेल.

४. पाण्याच्या जुन्या खुणा विचारा. ऑक्टोबर २०१९ मध्ये ‘क्यार’ वादळ दूर समुद्रातच होते, तरी सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर उधाण चढले. मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ किनाऱ्याला समांतर वर सरकले आणि १७ मेला गुजरातेत धडकले, पण इथे माड, वीजखांब आणि छपरे गेलीच. त्या दोन वादळांत पाणी कोणत्या पायरीपर्यंत आले, कोणत्या बांधावरून उलटले, हे शेजाऱ्यांना विचारा, फोटो मागा. कोणत्याही यंत्राकडे ही माहिती नाही.

५. विहिरीचे पाणी एप्रिल-मे मध्ये तपासा. पावसाळ्यात सगळ्याच विहिरी गोड असतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात क्लोराइडची स्वीकार्य मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोत नसेल तर १,००० पर्यंत चालवून घेतात. उन्हाळ्यात आकडा दरवर्षी चढत असेल तर समुद्र जमिनीखालून आत येतो आहे असे समजा. ही तपासणी भूजल सर्वेक्षण व विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत होते.

घराला होमस्टे जोडायचा असेल तर २०१९ च्या अधिसूचनेत स्थानिकांसाठी सोय आहे: जोते, रचना आणि दर्शनी भाग न बदलता असलेल्या घरात पर्यटक ठेवता येतात. पुळणीला लागून नवीन कॉटेज हा वेगळा विषय. त्याला ‘होमस्टे’ म्हटल्याने तो नियमात बसत नाही.

पुळण खरोखर खचते आहे का?

चेन्नईच्या राष्ट्रीय किनारा संशोधन केंद्राने १९९० ते २०१८ या काळातल्या उपग्रहचित्रांवरून देशाचा किनारा मोजला. सुमारे ३३.६ टक्के किनारा खचताना, २६.९ टक्के वाढताना आणि बाकीचा स्थिर आढळला. म्हणजे ‘सगळीकडे समुद्र आत येतोय’ हे खरे नाही. एकाच गावात एक टोक खचते आणि दुसरे भरते.

आपल्यापुरते पाहायचे तर गूगल अर्थवरची जुनी चित्रे पुरतात. फक्त एक पथ्य पाळा: मे महिन्याच्या चित्राशी मे महिन्याचेच चित्र ताडा. पावसाळ्यात लाटा वाळू आत ओढतात, हिवाळ्यात ती परत येते. जानेवारीचे जुने चित्र आणि ऑगस्टचे नवे चित्र शेजारी ठेवले तर कोणतीही पुळण खचलेली दिसेल, आणि ‘धूप’ सिद्ध करायला अशा जोड्या सर्रास वापरल्या जातात. मशीन लर्निंग वापरून उपग्रहचित्रातून किनारारेषा काढणाऱ्या साधनांची चूकही सुमारे दहा मीटरची असते. दोन-चार मीटरच्या फरकावरून निष्कर्ष काढू नका. दहा-पंधरा वर्षे एकाच दिशेने रेषा सरकत असेल तर मात्र तिथे भिंत बांधू नका, आणि शेजाऱ्याने बांधली तर तिच्या पुढच्या टोकाला तुमची जागा आहे का ते पाहा. भिंत संपते तिथे लाट जास्त खाते.

इशाऱ्याचा रंग आणि तुमचे अंगण

हवामान विभागाचे रंग कृतीचे आहेत: पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हालचाल करा. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपासून ‘जोरदार’, ११५.६ पासून ‘अति जोरदार’ आणि २०४.५ पासून ‘अत्यंत जोरदार’ पाऊस धरतात.

पण इशारा जिल्ह्याचा असतो. आंबोलीत कोसळणाऱ्या पावसाने नारिंगी झालेला सिंधुदुर्ग शिरोड्यात उन्हाचाही असू शकतो. ‘अंदाज चुकला’ ही तक्रार पुष्कळदा इथून येते. नव्या एआय अंदाजांचेही तेच. गूगल डीपमाइंडचे ‘ग्राफकास्ट’ किंवा युरोपीय हवामान केंद्राने २०२५ पासून नियमित चालवलेले एआय प्रारूप पृथ्वीचे सुमारे २८-३० किलोमीटरचे चौकोन पाडते. शिरोड्याच्या चौकोनात समुद्र, मिठागरे आणि सावंतवाडीकडचे डोंगर एकत्र येऊ शकतात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने मे २०२५ मध्ये सुरू केलेली भारत अंदाज प्रणाली सहा किलोमीटरवर चालते. ती भौतिकशास्त्राच्या समीकरणांवर आधारलेली आहे आणि आपल्या कोकणपट्टीसाठी हा बारकावा मोलाचा आहे.

एआय प्रारूपे काय चांगले करतात? मोठ्या पट्ट्याची चाल. २०२५ मध्ये कृषी मंत्रालयाने तेरा राज्यांतल्या सुमारे ३.८ कोटी शेतकऱ्यांना एआय-आधारित मोसमी पावसाचे संदेश पाठवले. त्या वर्षी पाऊस लवकर आला, २५ मेलाच देवगडपर्यंत पोचला आणि काही दिवसांनी पुढे सरकायचा थांबला. ती खीळ त्या अंदाजात आधी आली होती. वाईट काय करतात? टोकाचे आकडे. वादळाची वाट ती बरी ओळखतात, जोर मात्र कमी दाखवतात. ज्या भूतकाळावर त्यांचे शिक्षण होते त्यात अरबी समुद्रातली भीषण वादळे फार थोडी आहेत. आणि तो भूतकाळही बदलतो आहे: पुण्याच्या संस्थेतल्या संशोधकांच्या २०२१ च्या अभ्यासात, १९८२–२००० च्या तुलनेत २००१–२०१९ मध्ये अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढल्याचे आढळले. म्हणून वादळाच्या वेळी खासगी ॲपवरची नागमोडी रेषा पाहून थांबू नका. हवामान विभागाचे पत्रक आणि बंदरावरचा बावटा प्रमाण माना. वादळाची रेषा समुद्रातून जाते म्हणजे किनारा सुटला असे नसते, हे तौक्तेने दाखवलेच आहे.

रापणकर आणि छोट्या होड्यांसाठी आणखी एक: वारा पडलेला, आभाळ निरभ्र, तरी दक्षिणेकडून दूरवरून आलेल्या लाटा किनाऱ्यावर चढतात. त्याचा इशारा इन्कॉइस देते आणि तो पावसाच्या ॲपवर दिसत नाही. संस्थेचे ‘समुद्र’ ॲप घ्या. अडचणीत तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४, जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७.

नदीच्या पुरासाठी गूगलचे मोफत साधन आहे. ते मशीन लर्निंगवर चालते आणि गंगा-ब्रह्मपुत्रेसारख्या मोठ्या नद्यांवर सात दिवस आधीपर्यंत अंदाज देते. तेरेखोलसारखी घाटातून निघून काही तासांत खाडीला मिळणारी नदी, त्यात वरून पाऊस आणि खालून भरती, ही गाठ त्याच्या आवाक्यातली समजू नका. मळ्यात पाणी भरेल का, हे ठरवताना पावसाच्या इशाऱ्याशेजारी भरतीची वेळ लिहून ठेवा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास दोन्ही जुळले तर गुरे आणि पंप आधीच वर न्या.

‘८० टक्के’ म्हणजे काय करायचे?

मीठ, सुकी मासळी, काजू-बी यांच्या लोकांसाठी हे सर्वात कामाचे गणित आहे. टक्केवारी खरी की खोटी हा प्रश्न एका दिवसाने सुटत नाही. ८० टक्के सांगितलेल्या दहा दिवसांतले सरासरी दोन कोरडे जाणारच. तुम्ही विचारायचे ते असे: आधी हात चालवला तर खर्च किती, नाही चालवला आणि पाऊस पडला तर नुकसान किती?

समजा, मीठ वेळेआधी काढून झाकायला मजुरीचे ३,००० रुपये जादा लागतात आणि भिजले तर १५,००० जातात. ३,००० भागिले १५,००० म्हणजे २० टक्के. पावसाची शक्यता २० टक्क्यांच्या वर गेली की मीठ काढायला घ्या, ८० ची वाट पाहू नका. आणि खर्च १२,००० असेल तर ८० टक्क्यांनाही दोन्ही बाजू सारख्याच पडतात; त्याखाली थांबणे शहाणपणाचे. मे २०२५ सारख्या लवकर आलेल्या पावसाने हे गणित न मांडणाऱ्यांना फटका बसतो.

अंदाज तुमच्या जागी किती जुळतो, हे स्वतः तपासा. एक हंगाम वहीत दोन रकाने ठेवा: काल काय सांगितले, आज काय झाले. आपल्या भागासाठी वेंगुर्ल्यात हवामान विभागाची वेधशाळा आहे आणि महसूल मंडळनिहाय रोजचा पाऊस कृषी विभागाच्या ‘महारेन’ संकेतस्थळावर मिळतो. ताडून पाहायला एवढे पुरे.

आंबा-काजूचा विमा: तुमचे झाड नव्हे, केंद्राचा आकडा

हवामान आधारित फळपीक विम्यात बागेतले नुकसान कुणी मोजत नाही. महसूल मंडळाच्या संदर्भ हवामान केंद्रावर अवेळी पाऊस, तापमान किंवा वारा ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला का, एवढ्यावर भरपाई ठरते. तुमच्या बागेत मोहोर गळला आणि केंद्रावर आकडा मर्यादेत राहिला, तर पैसे नाहीत. उलटेही होते. हप्ता भरण्याआधी:

- त्या वर्षीच्या शासन निर्णयातल्या मर्यादा आणि त्यांचे कालावधी वाचा. ते पिकागणिक वेगळे असतात आणि बदलतात.
- तुमचे संदर्भ केंद्र कुठे बसवले आहे ते विचारून प्रत्यक्ष बघून या. झाडाच्या सावलीतले किंवा भिंतीलगतचे केंद्र वारा कमी दाखवते. तसे असेल तर हंगामाआधी तालुका कृषी अधिकाऱ्यांना लेखी कळवा आणि पोच घ्या. हंगाम संपल्यावर ती तक्रार कुणी ऐकत नाही.
- ज्या दिवशी नुकसान झाले त्या दिवसाचा केंद्राचा आकडा मागून ठेवा.
- गारपिटीसारख्या स्थानिक आपत्तीचे संरक्षण घेतले असेल तर ७२ तासांत सूचना द्या. मदत क्रमांक १४४४७.

तोडगा निघाला नाही तर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची जिल्हास्तरीय तक्रार निवारण समिती आहे.

फसगतीच्या जागा

- धोक्याचा एकच आकडा. ‘तुमच्या जागेचा धोका १० पैकी ३.’ कशाचा? पूर, वादळ, खारे पाणी, दरड? किती वर्षांत? आकड्याबरोबर हे लिहिलेले नसेल तर तो अहवाल जाहिरात समजा.
- चॅटबॉटला विचारलेला सल्ला. ‘माझा गट सुरक्षित आहे का?’ या प्रश्नाला तो ठाम आवाजात उत्तर देतो. गटाची उंची, बंधारा किंवा आराखडा त्याने पाहिलेला असतोच असे नाही. अर्जाचा मसुदा करून घ्यायला तो वापरा, निवाडा करायला नको.
- जगभरचे प्रारूप, गावचा निष्कर्ष. दूरच्या भविष्याची बहुतेक जागतिक हवामान प्रारूपे शंभरेक किलोमीटरचे चौकोन वापरतात. त्यात अख्खा वेंगुर्ला तालुका एका ठिपक्यात मावतो. ‘एआयने गावपातळीवर आणले’ असा दावा असेल तर कोणत्या स्थानिक केंद्रांच्या नोंदींशी ताडले, ते विचारा.
- भीतीचा सौदा. लाल नकाशा दाखवून पडत्या भावात जमीन मागणारा आणि ‘एआय अहवाल स्वच्छ आहे’ म्हणून चढ्या भावात विकणारा, कधी कधी एकच माणूस असतो.

कागद मागण्याचा तुमचा हक्क

सिंधुदुर्गात शासकीय पातळीवर या विषयाचे काम पूर्वीपासून चालू आहे. हरित हवामान निधीच्या मदतीने किनारी समाजांसाठीचा जो प्रकल्प आंध्र, ओडिशा आणि महाराष्ट्रात सुरू झाला, त्यात महाराष्ट्रातून हाच जिल्हा निवडला गेला. अशा कामांतून अभ्यास, नकाशे, आराखडे तयार होतात. ते तुमच्या गावाबद्दल असतील तर ते पाहण्याचा हक्क तुम्हाला आहे.

आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ प्रमाणे प्रत्येक जिल्ह्याचा आपत्ती आराखडा असावाच लागतो. शिरोड्यासाठी त्यात काय लिहिले आहे, निवारा कुठे, धोक्याची ठिकाणे कोणती, हे ग्रामसभेत विचारा आणि उत्तर इतिवृत्तात नोंदवायला सांगा.

मोठा प्रकल्प येत असेल आणि त्याला जनसुनावणी लागू असेल, तर २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार किमान तीस दिवस आधी जाहीर सूचना हवी आणि अहवालाचा सारांश मराठीत हवा. सुनावणीत ‘आमचा विरोध आहे’ एवढ्यावर थांबू नका. हे प्रश्न लेखी द्या: पाऊस आणि लाटांची आकडेवारी कोणत्या वर्षापर्यंतची आहे? जमिनीची उंची प्रत्यक्ष मोजली की उपग्रहावरून घेतली? प्रारूपाची चूक किती, आणि ती कुठल्या जागी तपासली? समुद्रपातळीतली वाढ कोणत्या वर्षापर्यंत धरली? पावसाळ्यात एकदा तरी पाहणी झाली का? मंजुरी मिळाल्यावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे अपिलाची मुदत तीस दिवसांची आहे. सबळ कारण दाखवले तर आणखी साठ दिवसांपर्यंत वाढू शकते.

बाकी कागदांसाठी माहिती अधिकार. अर्जाचे शुल्क दहा रुपये. अर्जात ‘आमच्या गावाला धोका आहे का’ असा प्रश्न लिहू नका. माहिती अधिकारात मत मिळत नाही, कागद मिळतो. असे लिहा: ‘मौजे शिरोडा, तालुका वेंगुर्ला, गट क्रमांक अमुक, याच्या सीआरझेड नकाशाच्या स्थानिक पत्रकाची भरतीरेषा, ना-विकास क्षेत्र आणि धोकारेषेसह प्रत.’ तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा अपुरे आले, तर पुढच्या तीस दिवसांत त्याच कार्यालयातल्या प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे जा आणि तिथेही भागले नाही तर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या कोकण खंडपीठाकडे.